थापीचा भार

वच्छला सहारेच्या वर्गात सगळ्यांत आधी नापास व्हायचे ते चांगले मिस्त्री.

बंद पडलेल्या खाणीतले मजूर, भाजीचा ठेला सोडून आलेल्या बायका, म्हणजे जन्मात कधी थापी न धरलेली माणसं बारा-पंधरा दिवसांत शिकायची आणि परवान्याचं कार्ड घेऊन जायची. तीस-तीस वर्षं गिलावा केलेले, ज्यांच्या भिंतीला ओळंबा लावला तर सूतभर फरक निघायचा नाही असे लोक मात्र तिसऱ्या आठवड्यातही मान खाली घालून बसलेले असायचे. पिंपळझोऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात गेली चार वर्षं हेच चाललं होतं. वच्छलाला आता त्याचं नवल वाटत नव्हतं. नवल वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते.

चंद्रपूरकडचा पारा पन्नासाला टेकायला लागून आठ वर्षं झाली होती. कूलरला पाणी पुरेना, एसीला वीज पुरेना. वीज जायची तीही नेमकी दुपारी, सगळ्यांना एकदमच हवी असायची तेव्हा. माणसं घरातल्या घरात, पंख्याखाली मरायला लागली तेव्हा नियम आला: नव्या घराला विजेशिवाय दुपार काढता आली पाहिजे. त्यासाठी मेणाचा गिलावा.

हा गिलावा दिसायला साध्यासारखाच. पण त्यात खसखशीहून बारीक दाणे मिसळलेले असतात आणि प्रत्येक दाण्याच्या कवचात मेणाचा एक थेंब असतो. हे मेण बत्तीस अंशांना वितळतं. बर्फ घातलेलं पाणी जसं बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत तापत नाही, तसंच या भिंतीचं. ऊन भिंतीत शिरतं, पण मेण वितळवण्यातच त्याचा जोर संपतो. पहाटे छताजवळचे झरोके उघडायचे, त्यातल्या त्यात गार वारा आत घ्यायचा. मेण पुन्हा घट्ट होतं आणि भिंत पुढच्या दुपारसाठी तयार. बाहेर अठ्ठेचाळीस असताना आत तेहतीस. थंड म्हणता येणार नाही, पण माणूस जगतो.

अडचण एकच. त्या दाण्याचं कवच फार नाजूक. थापी जोरात दाबली की ते फुटतं. सुटं झालेलं मेण उन्हाच्या चार फेऱ्यांत झिरपून निघून जातं आणि भिंत मरते. आणि चांगला मिस्त्री कोण? जो गिलावा दाबून, घोटून, आरशासारखा करतो तो. तीस वर्षांत मनगटात बसलेला जोर काढायचा कसा?

त्यासाठी केंद्रात बोलक्या थाप्या होत्या. दाब ठरलेल्या रेषेच्या वर गेला की मूठ थरथरायची. परीक्षेच्या दिवशी थापी मुकी ठेवत. ती फक्त मोजायची. दहा फूट भिंतीत आठ चुकांपर्यंत पास, नऊ झाल्या की नापास.

जानेवारीच्या तुकडीत लहानू गेडाम आला तेव्हा वच्छलाने यादीवरचं नाव दोनदा वाचलं. मग ती खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेली.

"भाऊ, तुम्ही?"

"आता कार्डाबिगर कोनी कामावर घेत नाई म्हनतात," लहानू म्हणाला. त्याने पायांतल्या चपला बाहेर काढल्या होत्या, देवळात काढतात तशा. "एकसष्टी झाली. पन घरी बसून काय करू?"

सव्वीस वर्षांपूर्वी वच्छला याच लहानूच्या हाताखाली डोक्यावर घमेलं वाहत होती. नवरा नुकताच गेलेला. बाईने घमेलं वाहायचं, थापी पुरुषाने धरायची, हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडणंही अवघड होतं. एका शाळेच्या कामावर लहानूने तिच्या हातात थापी दिली. दोन मिस्त्री म्हणाले, बाई भिंतीला लागली तर आम्ही चाललो. लहानू म्हणाला, "जा मंग." ते गेले. तिची पहिली भिंत वाकडी झाली. लहानूने ती पाडली नाही; तिलाच पाडायला लावली आणि पुन्हा बांधायला लावली. तीन वेळा.

आता तो तिच्या वर्गात पहिल्या रांगेत बसला होता.

पहिल्या दिवशी त्याच्या चुका झाल्या एकशे त्रेचाळीस. मूठ इतकी थरथरत होती की त्याला वाटलं थापीच बिघडली.

"भाऊ, दाबू नका. नुसतं फिरवा," वच्छला म्हणाली. "पोळीवर तूप लावतो तसं."

"तूप लावायला मिस्त्री कायले पाहिजे मंग?"

वर्गात सगळे हसले. लहानूही हसला. पण दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तो एकटाच भिंतीपाशी उभा राहून हात फिरवत होता, रिकामा, थापी न धरता. त्या तुकडीत रेल्वेच्या डब्यांत चणे विकणारी एक बाई होती. ती अकराव्या दिवशी चार चुकांवर आली. लहानू अकराव्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवर होता. एकविसाव्या दिवशी चाळीसवर. मन दुसरीकडे गेलं की मनगट आपलं जुनं काम करायला लागायचं. गिलावा जरा ओबडधोबड राहिला की त्याच्याच्याने बघवत नसे. हात आपोआप जाऊन घोटून यायचा.

परीक्षेच्या दिवशी एकेचाळीस जण होते. फेब्रुवारीचा शेवट, तरी केंद्राच्या पत्र्याखाली बेचाळीस अंश. वच्छला सकाळी सातपासून उभी होती. गुडघे दुखत होते, डोळ्यांत सिमेंटची चुरचुर होती, आणि लहानूचा नंबर शेवटून दुसरा होता.

थापीच्या चुका मोजणाऱ्या यंत्रात एक सोय होती. गिलाव्यातली रेती जाड असली की दाबाची रेषा थोडी वर सरकवता यायची; जाड रेतीत थापी तशीही अडखळते म्हणून. ते परीक्षकाने ठरवायचं. लहानूच्या पुढ्यातली रेती बारीकच होती. त्याने धोतराला हात पुसले, भिंतीला नमस्कार केला आणि थापी उचलली. वच्छलाने यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि रेती जाड केली.

एवढंच. बोटभर काम. नंतर तिने पुष्कळदा आठवून पाहिलं, की त्या क्षणी आपण काय विचार केला? काहीच केला नव्हता. त्याला पुन्हा एकवीस दिवस समोर बसलेलं बघायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पडद्यावर आकडा आला: सहा. यंत्राने खालच्या ओळीत बारीक रेतीचा हिशेबही दाखवला: तेहतीस. तो फक्त तिलाच दिसला.

"सहा, भाऊ. पास."

लहानूने आधी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटासुलटा करून. मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पाव किलो पेढे घेऊन आला. "हात शिकला गं वच्छला," तो सगळ्यांना सांगत होता. "म्हाताऱ्या बैलानं नवी वाट धरली." वच्छलाने पेढा खाल्ला. तो घशाखाली उतरला, हेच तिला नंतर टोचत राहिलं.

पिंपळझोऱ्याला त्या वर्षी दोनशे चाळीस घरांची वसाहत उभी राहत होती. नाल्याकाठच्या पत्र्याच्या झोपड्यांतली माणसं तिथे यायची होती. कार्ड मिळालेले मिस्त्री तिथेच कामाला लागले. लहानूला तिसरी गल्ली मिळाली. एप्रिलअखेर लोक राहायला आले. घरोघरी काडेपेटीएवढं एक मापक लावलेलं होतं. आतलं तापमान केंद्राच्या पडद्यावर दिसायचं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा एकोणपन्नासावर गेला. वसाहतीतले सगळे आकडे तेहतीस-चौतिसाला थबकले. तिसऱ्या गल्लीतले अकरा आकडे थबकले नाहीत. दुपारी दोनला ते बेचाळीस झाले होते.

त्यातल्या चौथ्या घरात कौतिकाबाई देवगडे एकटी राहत होती. शहात्तर वर्षांची, अंगणवाडीत आयुष्यभर खिचडी शिजवलेली बाई. नव्या घरावर तिचा पूर्ण भरवसा होता. दारं-खिडक्या बंद ठेवा, भिंत सांभाळून घेईल, असं तिला शिकवलेलं होतं. तिने तसंच केलं. शेजारणीने साडेतीनला दार वाजवलं, आतून ओ आली नाही. दार तोडून तिला बाहेर काढलं तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि ती जुन्या कुणाचं तरी नाव घेऊन बडबडत होती.

दुसऱ्या दिवशी मृणाल देशकर केंद्रात आली. मृणाल वसाहतीची इंजिनिअर. कामाला चोख, मनाने सरळ. तिचीही झोप झालेली दिसत नव्हती.

"अकरा घरं मेलीत," ती म्हणाली. "दाण्यांचा लॉटच खराब आला असणार. मी पुरवठा करणाऱ्यांना लिहिते. ते मान्य करतील, असे एकदोन लॉट दर वर्षी निघतात. वच्छलाताई, तुमची फक्त सही लागेल. तिथे काम केलेले सगळे मिस्त्री तपासून पास केलेले होते, एवढंच."

तिने पडदा पुढे केला. नावांच्या यादीत तिसऱ्या गल्लीपुढे एकच नाव होतं.

"लहानूभाऊ आता कुठे आहेत?" वच्छलाने विचारलं.

"आरोग्य केंद्रात. बाळंतिणींच्या खोलीचा गिलावा चालू आहे. का?"

"सही उद्या करते."

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. कौतिकाबाई शुद्धीवर होती, पण जीभ जड झाली होती. वच्छला कोण हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, कुणी सरकारी बाई चौकशीला आली. तिने एकेक शब्द जुळवत विचारलं, "माझं... काही... चुकलं का? खिडकी... उघडायची... होती?"

"नाही, आजी. तुमचं काही चुकलं नाही."

घरी येऊन वच्छला जेवली नाही. तिला वाईट वाटत होतं म्हणण्यापेक्षा ती दमली होती. आणि आता कळत होतं, की त्या दिवशी दमणुकीपायी टाळलेलं काम काही टळलं नव्हतं, ते वाढून पुढ्यात आलं होतं. सही केली तर लॉट बदलेल, लहानू बाळंतिणींची खोली तशीच घोटेल, आणि पुढच्या मेमध्ये त्या खोलीत कुणाचं तरी दोन दिवसांचं बाळ असेल.

उन्हाळ्यात काम सकाळी पाचला सुरू व्हायचं. ती सहाला आरोग्य केंद्रावर पोचली. लहानू फळीवर उभा राहून गिलावा करत होता. अर्धी भिंत झाली होती.

"ये, ये. बघ कशी चकाकी आली," तो वरूनच म्हणाला. "बाकीच्यांच्या भिंती खरबरीत. माझीच एक चकाकते. काय सामान हाय बाप्पा हे!"

वच्छलाने भिंतीवर बोट ओढलं. बोट तेलकट झालं.

"भाऊ, खाली या."

"एवढा पट्टा करून येतो."

"नाही. आताच या."

तो उतरला. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. रेती, पडदा, बोट, सहा आणि तेहतीस. तिसरी गल्ली आणि कौतिकाबाई. सांगताना तिने कुठेही "तुमच्यासाठी" असा शब्द येऊ दिला नाही, कारण ते खरं नव्हतं.

लहानू ऐकत होता. मग त्याने भिंतीचा ओला गिलावा चिमटीत घेतला, बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"हे मेन होय?"

"हो."

"ही चकाकी म्हनजे..."

"हो, भाऊ."

बाहेर पाण्याचा टँकर आला, कुणीतरी नळी ओढत नेली.

"तेहतीस होते तर तेहतीस सांगायचं न," तो शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी घरी बसलो असतो. नाईतर परत आलो असतो. तुझी भिंत मी काहून पाडाले लावली होती तीनदा? तू नालायक होती म्हनून? आन् तू मले पेढे वाटाले लावले."

"चुकलं माझं."

"माझ्या हातानं त्या बाईले... आन् मले ठाऊकही नाई. मी रोज तिच्या दारावरून जात होतो. 'कसं हाय घर, आजी?' विचारत होतो."

त्याने थापी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली आणि निघून गेला. वच्छलाने फळीवर चढून ती ओली भिंत खरवडून काढली. मग ती मृणालकडे गेली.

मृणालने सगळं ऐकून घेतलं. "का केलंत असं?"

"थकले होते."

"हे कारण होऊ शकत नाही, ताई."

"नाही होऊ शकत. पण खरं तेवढंच आहे."

परीक्षकपद गेलं. वर्षभर शिकवायचंही नाही. मृणालने ते लिहिताना मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, "कार्ड मात्र तुमचं खरं आहे. अकरा घरं पुन्हा करायची आहेत. कराल?"

अकरा घरांतल्या माणसांना शाळेत हलवलं. पहिल्या दिवशी वच्छला तीन जणांना घेऊन गल्लीत गेली, तर आधीच हातोड्याचा आवाज येत होता. लहानू एका घरात स्वतःचाच गिलावा फोडत होता. त्याच्या आधी तो शाळेत जाऊन आला होता. प्रत्येक कुटुंबापुढे उभं राहून त्याने सांगितलं होतं, "तुमची भिंत मी केली होती. माझा हात जड पडला." एकाने शिवी दिली. एका बाईने बसायला सतरंजी टाकली. त्याने दोन्ही घेतलं.

तो पुढे फोडत जायचा, वच्छला मागून गिलावा करत यायची. दहा घरं होईस्तोवर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सकाळी पाच ते दहा काम, मग पाठ टेकायची, पुन्हा संध्याकाळी दोन तास. वच्छलाने चार वर्षांत सलग इतकं काम केलं नव्हतं. खांदे उतरले होते. तरी भिंतीवर थापी फिरवताना, दाबाच्या अलीकडे हात आपोआप थांबताना, तिला दिवसातून एकदोनदा बरं वाटायचं. केंद्रात पडदा बघत बसताना ते कधीच वाटलं नव्हतं.

कौतिकाबाईचं घर सगळ्यांत शेवटी झालं. ती काठी टेकत परत आली. उजवा पाय ओढत होता, तो तसाच राहणार असं डॉक्टर म्हणाले होते. गिलावा वाळून मेणाच्या पाच फेऱ्या झाल्यावर, एका दुपारी मृणालने सगळ्यांना तिथे बसवलं. दारं-खिडक्या बंद. बाहेर सत्तेचाळीस. कौतिकाबाई खाटेवर, वच्छला आणि लहानू खाली भिंतीला टेकून. मापकावरचा आकडा एकतीस, बत्तीस, तेहतीस झाला आणि थांबला. एक वाजला, दोन वाजले, आकडा तिथेच.

"पुढल्या तुकडीत माझं नाव टाकलं," लहानू एकाएकी म्हणाला. समोर बघतच. "परीक्षा कोन घेनार?"

"नवीन बाई आल्यात. भंडाऱ्याच्या. मी नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "आकडा कोनताही येऊ दे. पन माझा असू दे."

वच्छलाला हो म्हणायचं होतं, पण तेवढ्यात तिचा डोळा लागला. कौतिकाबाई खाटेवरून म्हणाली, "झोपू द्या... तिला." आणि चार वाजेपर्यंत कुणी दार उघडलं नाही.

ऑगस्टच्या परीक्षेत लहानूचे सतरा आले. नापास. तो पुन्हा वर्गात बसला. पोटापाण्याला वसाहतीत पहाटेचे झरोके उघडायचं आणि सकाळी बंद करायचं काम त्याला मिळालं होतं. त्यातही तो हट्टाने कौतिकाबाईच्या घरी रोज थांबायचा.

डिसेंबरात वच्छला ब्रह्मपुरीकडे एका शाळेच्या भिंतीवर होती. फोन वाजला. तिने खांद्याने तो कानाशी धरला, हात गिलाव्याने भरलेले होते.

"नऊ," लहानू म्हणाला.

"आठाला पास असतं, भाऊ."

"ठाऊक हाय न. एकानं गेलो." मागे केंद्रातला गोंगाट ऐकू येत होता, कुणीतरी त्याला चहाला बोलावत होतं. "बाई म्हने, म्हाताऱ्या, परत येशीन का? म्हटलं, येतो न."

वच्छलाने मान आणखी कलती करून फोन कानाशी दाबला.

"हात हलका होतो गं वच्छला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं, जे पेढे वाटतानाही नव्हतं. "खरंच होतो. मले वाटलं नव्हतं."